काटा बंद पडला तर?

मालवणचे रील बघून स्कुबाची हौस सगळ्यांनाच येते. पण पाण्याखाली हातातलं यंत्र बंद पडलं तर? जवळ दुसरं असायलाच हवं का? तिकीट काढण्याआधी हे वाचून घ्या.

सालेकसा आणि समुद्र यांचा तसा काही संबंध नाही. आपल्याकडचं पाणी म्हणजे हाजरा फॉल, बाघ नदी, पुजारीटोला आणि कालीसराडचं धरण, नाहीतर गावाबाहेरचा मालगुजारी तलाव. समुद्र बघायचा तर आधी गोंदिया, मग नागपूर आणि मग आडवा महाराष्ट्र पार करायचा. हजारावर किलोमीटर होतात. तरीसुद्धा तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मालवण-तारकर्लीचा एक तरी व्हिडिओ आलाच असेल. निळं पाणी, तोंडात नळी, आजूबाजूला मासे आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा आणि तर्जनीचा गोल. मग ठरतं, ‘भाऊ, यंदा दिवाळीनंतर जायचंच.’

आता ज्यांना एकदाच पाण्यात जाऊन फोटो काढायचा आहे, त्यांचं सोपं आहे. पण आपल्यातले काही जण पुढचा विचार करतात. कुणाला रीतसर कोर्स करायचा असतो, कुणाला त्यात करिअर दिसतं, कुणाला शोध-बचाव पथकात जायचं असतं. असा अभ्यास सुरू केला, की एक प्रश्न लगेच समोर येतो. डायव्हरच्या अंगावर जी मोजणारी यंत्रं असतात, ती सगळी दोन-दोन घ्यायची का? दुकानदार म्हणतो घ्या. जुने डायव्हर म्हणतात काही गरज नाही. काही जण म्हणतात, एकही विकत घेऊ नका, सगळं भाड्याने मिळतं.

खरं कोणाचं? गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. कोणाचं कधी खरं, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो. तो शेवटी सांगण्यापेक्षा आत्ताच सांगते: यंत्र बंद पडलं त्या क्षणी तुम्हाला सरळ वर येता येईल का? येत असेल तर दुसऱ्या यंत्राची गरज कमी. येत नसेल तर दुसरं हवंच, आणि कधीकधी तिसरंही.

हे असं का, ते आता नीट बघू.

पाण्याखाली वाचायचं काय?

स्कुबा डायव्हरला पाण्याखाली मुख्यतः तीन गोष्टी माहीत हव्या असतात. टाकीत हवा किती उरली? आपण किती खोल आहोत? आणि किती वेळ झाला? हवा सांगतो प्रेशर गेज. खोली आणि वेळ पूर्वी डेप्थ गेज आणि घड्याळ सांगायचं. आता हे काम मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो. शिवाय दिशेसाठी कंपास असतो.

यातल्या प्रत्येकाचं ‘बंद पडणं’ वेगळं आहे. कंपास बंद पडला तर वर येऊन बोट कुठे आहे ते बघता येतं. थोडं जास्त पोहावं लागेल, एवढंच. पण हवेचा काटा अडकला तर? तिथे अंदाज चालत नाही. का चालत नाही, त्याचं छोटं गणित करून बघा.

समजा १२ लिटरची टाकी आहे, २०० बारपर्यंत भरलेली. म्हणजे आत साधारण २४०० लिटर हवा. त्यातले शेवटचे ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखून ठेवायचे. वापरायला उरले १८०० लिटर. एखादा नवखा माणूस जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, आणि हवाही त्याच पटीत जास्त लागते. ५ मीटरवर दाब दीडपट, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. टाकी पुरेल ६० मिनिटं. तोच माणूस १८ मीटरवर गेला, तर दाब २.८ पट, म्हणजे मिनिटाला ५६ लिटर. आता तीच टाकी पुरेल जेमतेम ३२ मिनिटं.

टाकी तीच, माणूसही तोच, पण वेळ जवळजवळ निम्मा. त्यात घाबरलात, प्रवाहाविरुद्ध पोहलात, थंडी वाजली, की श्वास वाढतो आणि हे गणितही कोलमडतं. म्हणून हवेचा काटा हा ‘असला तर बरा’ अशातला भाग नाही. तो बंद पडला, की डाइव्ह तिथेच संपते. जोडीदाराला खूण करायची आणि दोघांनी मिळून वर यायचं.

मग दुसरा हवेचा गेज का नाही लावायचा? लावता येतो. पण उथळ, मोकळ्या पाण्यात त्याने फारसं काही साधत नाही. एक नळी वाढते, एक जोड वाढतो, म्हणजे गळण्याची आणखी एक जागा वाढते. शिवाय दोन काटे दोन वेगळे आकडे दाखवायला लागले, तर विश्वास कशावर ठेवायचा? तेव्हाही उत्तर तेच: वर या. गेजची नळी फुटली तर बुडबुड्यांचा आवाज ऐकून जीव घाबरतो खरा, पण त्या नळीकडे जाणारं भोक मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं. त्यामुळे हवा एका झटक्यात जात नाही, शांतपणे वर यायला वेळ मिळतो.

गेज नव्हते तेव्हा

फ्रान्सच्या झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये ‘अॅक्वा-लंग’ तयार केलं. आजच्या स्कुबाची सुरुवात तिथून झाली असं मानतात. त्या काळात आणि नंतर कितीतरी वर्षं बहुतेक डायव्हरांकडे पाण्याखाली वाचता येईल असा हवेचा गेज नसायचाच. मग हवा संपत आल्याचं कळायचं कसं? त्यासाठी टाकीवर ‘जे-व्हॉल्व्ह’ नावाचा राखीव नळ असायचा. हवा कमी झाली की श्वास ओढायला जड जायचा. मग पाठीमागची दांडी खाली ओढायची, राखीव हवा मोकळी व्हायची, आणि लगेच वर निघायचं.

ऐकायला झकास. आपल्याकडे जुन्या मोटारसायकलला पेट्रोल ‘रिझर्व्ह’ला लावायची सोय होती ना, अगदी तसंच. आणि तिचा घोळही तुम्हाला आठवत असेल. कॉक आधीच रिझर्व्हवर राहिला असेल, तर गाडी एकदा बंद पडली की पडलीच. जे-व्हॉल्व्हचं हेच व्हायचं. दांडी कशाला तरी घासून आधीच खाली सरकायची, राखीव हवा नकळत वापरली जायची. डायव्हर निर्धास्त, की माझ्याकडे रिझर्व्ह आहे. श्वास जड झाल्यावर दांडी ओढायला जावं, तर ती आधीच खाली. गेज सर्रास मिळू लागल्यावर जे-व्हॉल्व्ह मागे पडला.

या जुन्या नळाकडून आजही शिकण्यासारखं आहे. जी पर्यायी सोय डोळ्यांना दिसत नाही आणि उतरण्याआधी तपासलेली नाही, तिचा आधार वाटतो, पण तो असेलच असं नाही. दुसरं यंत्र घ्यायचं तर ते सुरू आहे का, त्याची बॅटरी कधी बदलली, ते शेवटचं कधी तपासलं, हे सगळं आलंच. नाहीतर ते नुसतं ओझं.

कॉम्प्युटरने मान टाकली तर

आता दुसरं यंत्र: डाइव्ह कॉम्प्युटर. याचं काम काय, तर तुमच्या अंगात नायट्रोजन किती साचला असेल त्याचा हिशेब ठेवायचा. आपण टाकीतून साधीच हवा घेतो. दाबाखाली त्यातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. वर येताना दाब कमी होतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. पण झटकन वर आलात, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण एकदम उघडल्यासारखं होतं. बुडबुडे. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. यालाच डायव्हर ‘बेंड्स’ म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये वर कसं यायचं याची कोष्टकं मांडली. आजच्या मनगटावरच्या कॉम्प्युटरच्या पोटात त्याच विचाराची पुढची आवृत्ती आहे.

मग हा कॉम्प्युटर २० मीटरवर बंद पडला तर काय? तुम्ही शिकाऊ किंवा हौशी डायव्हर असाल, तर तुमची डाइव्ह मुळातच अशी आखलेली असते, की कोणत्याही क्षणी वाटेत सक्तीचं थांबणं न घेता थेट वर येता यावं. ‘पाडी’ या मोठ्या प्रशिक्षण संस्थेत पहिल्या कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत, त्यापुढच्यानंतर ३० मीटरपर्यंत जायची शिफारस असते, आणि हौशी डायव्हिंगची हद्द ४० मीटर धरतात. या चौकटीत असताना कॉम्प्युटर बंद पडला, तर जोडीदारासोबत सावकाश वर यायचं. वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. नांगराचा दोर जवळ असेल तर तो धरून यायचं, म्हणजे वेग आपोआप आटोक्यात राहतो. जोडीदाराच्या मनगटावरची खोली आणि वेळ वर येण्यापुरती कामाला येते.

म्हणजे जीव वाचवायला दुसरा कॉम्प्युटर लागला का? नाही. इथपर्यंत जुने डायव्हर बरोबर.

पण गोष्ट इथे संपत नाही. तुमच्या अंगात आज किती नायट्रोजन साचला, याची नोंद त्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरसोबत गेली. आता दुपारची डाइव्ह कशाच्या भरवशावर करणार? जोडीदाराचा कॉम्प्युटर घालून? ते चालत नाही. तो दोन मीटर वर होता, तुम्ही खाली होतात. सकाळची एक डाइव्ह त्याने केली, तुम्ही नाही केली. हिशेब ज्याचा त्याचाच. म्हणून नियम असा, की पाण्यातून बाहेर राहायचं. साधारण १२ ते २४ तास, तुमच्या कॉम्प्युटरच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल त्याप्रमाणे.

आता सालेकसाहून गेलेल्या पोराचा विचार करा. दोन दिवस प्रवासात. कोर्सचे तीन-चार दिवस मोजून मापून. पैसे घरून मागून, नाहीतर सुट्टीत काम करून जमवलेले. त्यातला एक दिवस किनाऱ्यावर बसून काढायचा. मुंबई-पुण्याचा मुलगा पुढच्या शनिवारी परत येईल. आपल्याला ते जमणार नाही. तेव्हा मोकळ्या पाण्यात दुसरा कॉम्प्युटर जीव नाही वाचवत, तो ट्रिप वाचवतो. हे मनाशी स्वच्छ असलं, की निर्णय सोपा होतो. परवडत असेल तर घ्या. नसेल तर खोलीमापक, साधं वॉटरप्रूफ घड्याळ आणि कोष्टकं वापरायची अक्कल हा स्वस्तातला पर्याय आजही आहे. फक्त ती कोष्टकं पहिल्या डाइव्हपासून पाळलेली हवीत, कॉम्प्युटर बंद पडल्यावर उघडून चालत नाही.

डोक्यावर छप्पर असेल तर

आता दुसरी बाजू. सरळ वर येता येत नसेल तर?

तुम्ही कचारगडला गेलाच असाल. माघ पौर्णिमेच्या यात्रेला नाही, तर एखाद्या रविवारी. गुहेत उजेड कमी होत जातो तिथे मोबाइलची बॅटरी दोन टक्क्यांवर आली तर काय वाटतं, ते आठवून बघा. कचारगडची गुहा कोरडी आहे, सोबत माणसं असतात, भिंत धरत धरत बाहेर येता येतं. आता तीच गुहा पाण्याने भरलेली आहे असं समजा. वर पाण्याचा पृष्ठभाग नाही, दगड आहे. दिवा गेला म्हणजे वाट गेली. वाट गेली म्हणजे हवा संपेपर्यंतचा वेळ तेवढा उरला.

म्हणून पाण्याखालच्या गुहांत जाणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेचे गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी तिथल्या मृत्यूंचा अभ्यास करून १९७९ मध्ये एक पुस्तिका लिहिली. त्यातून पक्के झालेले नियम आजही शिकवतात. बाहेरपर्यंत सलग दोरी हवी. हवेचे तीन भाग करायचे: एक जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. आणि प्रत्येकाकडे तीन दिवे. एक नाही, दोन नाही, तीन. तिथे यंत्रंही दुहेरी असतात, कारण ‘वर येतो’ हा पर्यायच नसतो.

२०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ फुटबॉलपटू मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, ते आठवतं? २३ जूनला आत गेलेली मुलं २ जुलैला ब्रिटिश गुहा-डायव्हरांना सापडली, आणि १० जुलैपर्यंत सगळी बाहेर आली. गुहेतलं पाणी उपसायच्या कामात महाराष्ट्रातल्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे पंप-तज्ज्ञही मदतीला गेले होते. पण त्याच मोहिमेत ६ जुलैला थाई नौदलाचे माजी गोताखोर समन कुनान यांचा मृत्यू झाला. गुहेत हवेच्या टाक्या पोचवून ते परत येत होते. माणूस तयारीचा, प्रशिक्षित. तरी ती जागा अशी, की एक गोष्ट चुकली तर मोकळ्या हवेत यायला वाटच नाही.

‘आपल्याला कुठे गुहेत जायचंय,’ असं म्हणाल. पण छप्पर फक्त गुहेचं नसतं. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरलात, की तेही छप्परच. भारतीय नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेलं ‘आयएनएस गुलदार’ हे जहाज सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचा राज्याचा प्रकल्प आहे. उद्या असं जहाज बघायला गेलात, तर बाहेरून बघणं आणि आत शिरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे लक्षात असू द्या. आत जायला वेगळं प्रशिक्षण, दोरी आणि जास्तीचे दिवे लागतात.

छप्पर कधीकधी डोळ्यांना दिसतही नाही. खूप खोल किंवा खूप वेळ राहिलात आणि वर येताना ठरावीक मीटरवर सक्तीने थांबणं भाग झालं, तर तेही छप्परच. वर पाणी मोकळं दिसतं, पण थेट गेलात तर बेंड्स. अशा डाइव्हमध्ये किती मीटरवर किती मिनिटं थांबायचं, हे सांगणारं यंत्र बंद पडून चालत नाही. तिथे दुसरा कॉम्प्युटर, किंवा पाटीवर लिहून नेलेला आराखडा आणि घड्याळ, हे हवंच. इथे दुकानदार बरोबर.

आपल्या धरणात काय?

आता घराजवळ येऊ. आपल्या भागात स्कुबाचा संबंध बहुतेक वेळा मौजेशी येत नाही, दुःखाच्या प्रसंगाशी येतो. पावसाळ्यात कोणीतरी धरणात, नदीत, तलावात बुडतं. आधी गावातले ढिवर बांधव डोंगा घेऊन उतरतात. मग जिल्ह्याचं शोध व बचाव पथक येतं. गरज पडली तर नागपूरहून एसडीआरएफची तुकडी येते.

मालवणच्या निळ्या पाण्याचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. धरणाच्या गढूळ पाण्यात काही मीटर खाली गेलं, की स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. तळाला गाळ, बुडालेली झाडं, जुन्या जाळ्या. अशा पाण्यात तुमच्या मनगटावर दोन कॉम्प्युटर बांधले, तरी वाचणार कसे? मास्कला चिकटवून एखाद वेळी आकडा दिसेल, नाहीतर तोही नाही.

म्हणून अशा काळ्या पाण्यात काम करणाऱ्या प्रशिक्षित पथकांची पर्यायी सोय मनगटावर नसते, ती काठावर असते. डायव्हरच्या अंगाला दोर बांधलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या किंवा बोटीतल्या जोडीदाराच्या हातात. किती झटके म्हणजे काय, हे आधीच ठरलेलं. वेळ तो जोडीदार मोजतो. उतरताना टाकीत किती हवा होती, ते त्याने लिहून ठेवलेलं. ठरलेली मिनिटं झाली की तो बोलावून घेतो, खालचा माणूस काहीही म्हणो. शिवाय एक डायव्हर पूर्ण तयार होऊन काठावर बसलेला असतो, पहिल्याला काही झालं तर उतरायला. दुसरं ‘यंत्र’ म्हणजे इथे दुसरा माणूस.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. एक, आपला जिल्हा समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंचीवर आहे, आणि डायव्हिंगच्या नेहमीच्या कोष्टकांत उंचीची दुरुस्ती करायला सुरुवात होते तीही साधारण ३०० मीटरपासूनच. समुद्रावर शिकून आलेल्याने इथल्या पाण्यात उतरताना कॉम्प्युटर किंवा कोष्टक उंचीसाठी जुळवलं आहे का, ते बघायला हवं.

दुसरी जास्त महत्त्वाची. आपल्याकडे दम धरून तळ गाठणारे पट्टीचे पोहणारे आहेत. त्यांच्या पाठीवर ‘बघ रे एकदा’ म्हणून टाकी बांधू नका. टाकीची हवा घेतल्यावर वर येताना दम धरला, तर फुप्फुसातली हवा फुगते. १० मीटरवरून येताना ती दुप्पट होते. पण इजा व्हायला एक-दोन मीटरही पुरतात. आयुष्यभराची दम धरायची सवय तिथे उलटी पडते, आणि यावर कोणतंच यंत्र उपाय नाही. प्रशिक्षण हाच उपाय.

यंत्र बिघडतं की माणूस?

एवढं वाचल्यावर वाटेल, की यंत्रं सारखी बिघडतच असतील. आकडे मात्र दुसरंच सांगतात. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ हौशी डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. संकट कशाने सुरू झालं हे ज्या घटनांत कळलं, त्यातल्या ४१ टक्के घटनांत सुरुवात होती हवा अपुरी पडणं. २० टक्के घटनांत कशात तरी अडकणं. उपकरणांचा त्रास १५ टक्के.

हवा अपुरी पडणं म्हणजे दर वेळी गेज खराब होता असं नाही. कितीतरी वेळा गेज छातीशीच लटकत असतो, बघितला जात नाही, एवढंच. कॅमेऱ्यात लक्ष, माशामागे लक्ष, जोडीदार कुठे गेला तिकडे लक्ष. दोन गेज लावले आणि दोन्ही बघितले नाहीत, तर काय फरक पडणार?

म्हणून दुसऱ्या यंत्रावर पैसे घालण्याआधी चार फुकटच्या सवयी लावून घ्या. उतरण्याआधी रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्या आणि तेव्हा गेजकडे बघा. श्वासागणिक काटा खाली डुलत असेल, तर टाकीचा नळ पूर्ण उघडलेला नाही. पाण्यात ठरावीक मिनिटांनी काटा बघा आणि आकडा जोडीदाराला बोटांनी सांगा. पुढच्या वेळी बघण्याआधी मनात अंदाज बांधा, किती असेल. अंदाज आणि काटा यात फार फरक पडला, तर दोघांपैकी एक चुकतंय, आणि ते लवकर कळलं. जोडीदारापासून इतकंच लांब जा, की त्याच्याकडची जादा नळी हाताला लागेल.

ती जादा नळी मात्र प्रत्येकाकडे हवीच. डायव्हर तिला ‘ऑक्टोपस’ म्हणतात. तुमची हवा संपली, तर जोडीदाराच्या टाकीतून श्वास घ्यायचं दुसरं तोंड. मोजायचं यंत्र एक असलं तर चालतं, श्वास घ्यायची वाट एक असून चालत नाही.

मग विकत काय घ्यायचं? क्रम साधारण असा लावा. आधी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क. मग वर आल्यावर बोटीला दिसावं म्हणून फुगणारी रंगीत नळी आणि शिट्टी. दोरी-जाळी कापायला छोटं कटर. त्यानंतर स्वतःचा एक कॉम्प्युटर, कारण रोज वेगळा भाड्याचा घेतला तर कालची नोंद हातात राहत नाही आणि बटणंही दर वेळी नव्याने शिकावी लागतात. दुसरा कॉम्प्युटर या यादीत शेवटी. गुहा, जहाजाचं पोट किंवा सक्तीच्या थांब्यांची डाइव्ह करायची वेळ आली, की तो यादीत वर सरकतो.

निघण्याआधी हे विचारा

• फक्त अनुभव घ्यायचा आहे? मग स्वतःचं एकही यंत्र लागत नाही. अशी पहिली डाइव्ह १२ मीटरच्या आतच असते आणि काटा बघायचं काम प्रशिक्षकाचं. एका प्रशिक्षकासोबत पाण्यात किती जण असतील, तेवढं मात्र विचारा. आकडा जितका लहान तितकं चांगलं.

• टाकीला गेज आहे का? जादा तोंड असलेली नळी आहे का? उतरण्याआधी दाखवायला सांगा. विचारायला लाजू नका.

• कोर्स करायचा आहे? तारकर्लीला एमटीडीसीची ‘इस्डा’ ही स्कुबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे. कुठेही शिकलात तरी प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं मिळेल, ते आधी विचारा.

• दमा, कानाचं दुखणं, हृदयाचा त्रास, फिट येणं, यातलं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. आधी डॉक्टरांना विचारा.

• परतीचं विमान असेल, तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्या. एकच साधी डाइव्ह केली असेल तरी १२ तास. घाटातून गाडीने येणार असाल, तरी प्रशिक्षकाला विचारूनच निघा.

• बंद पडलेलं यंत्र पाण्याखाली दुरुस्त करत बसू नका. जोडीदाराला खूण, सावकाश वर, ५ मीटरवर तीन मिनिटं. काय बिघडलं ते बोटीत बसून बघा.